दर वर्षी पुन्हा फुटणारा चेहरा: नवीन क्रीम आणण्याआधी काय तपासायचं

तोंड धुऊन टॉवेल दांडीवर टाकेपर्यंत गाल ओढायला लागतात. हसलं की नाकाच्या बाजूला चरचरतं. क्रीम लावली की तासभर बरं वाटतं, पण दुपारपर्यंत हनुवटीवर पुन्हा पांढरे पापुद्रे. नवीन क्रीम आणली की आठ-दहा दिवस चेहरा सुधारतो, घरचे म्हणतात "बघ, हीच चांगली", आणि महिन्याभरात सगळं जिथल्या तिथे. ज्यांच्याकडे हे दर वर्षी घडतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझ्याकडे हे सहा वर्षं चाललं. दिवाळी संपली की सुरू, होळीपर्यंत मुक्काम, आणि मे महिन्यात एसीच्या दिवसांत पुन्हा एक फेरी. मी कासारवडवलीला राहते, नोकरी ऐरोलीला. "ठाण्यात कसली गं एवढी थंडी?" हे इतक्या वेळा ऐकलं की मलाही वाटायला लागलं, माझ्या कातडीतच काहीतरी खोट असेल. कपाटात अर्ध्या वापरलेल्या अकरा ट्यूबा आणि डब्या जमल्या होत्या. त्या सगळ्या वाईट नव्हत्या. चुकत होतं ते क्रीम लावायच्या आधी, मोरीत आणि बेसिनपाशी, आणि तिकडे सहा वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं.

आधी हा कोरडेपणाच आहे ना, ते बघा

सगळ्यात जास्त दिवस इथेच वाया जातात, म्हणून हे आधी.

चेहऱ्यावरून पांढरं काही निघालं की आपण त्याला कोरडेपणा म्हणतो आणि तेल चोळतो. माझ्या नवऱ्याच्या भुवयांत, नाकाच्या दोन्ही कडांना आणि केसांच्या रेषेला असेच पापुद्रे यायचे. सासूबाईंनी मायेने रोज रात्री खोबरेल लावायला सांगितलं. पंधरा दिवसांत तिथे लाली आली आणि खाज वाढली. तो कोरडेपणा नव्हताच. त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात, म्हणजे डोक्यात कोंडा होतो त्याच जातीचा त्रास, चेहऱ्यावर उतरलेला. आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर मॅलासेझिया नावाची बुरशी असते आणि ती स्निग्धतेवर जगते. तिथे तेल ओतणं म्हणजे तिला जेवायला वाढणं.

ओळखायचं कसं? खऱ्या कोरडेपणात पापुद्रे भुग्यासारखे, बारीक आणि सुके असतात, आणि ते गाल, ओठांभोवतीची जागा, हनुवटी इथे जास्त दिसतात. तोंड धुतल्यावर चेहरा ओढतो. सेबोऱ्हिकमध्ये पापुद्रे जरा पिवळसर, चिकट असतात, खाली लाली असते, आणि जागा ठरलेल्या: भुवया, नाकाच्या कडा, कानामागे, दाढीत. डोक्यात कोंडाही असतोच बहुधा. असं असेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं आणि ते डॉक्टरांनी द्यायचं.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. चेहरा कोरडा आहे, लाल होतो, उन्हात किंवा गॅससमोर भाजल्यासारखा होतो, आणि एक विशिष्ट मलम एक दिवस नाही लावलं तर हाल होतात, असं असेल तर त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. डाग जावेत, रंग उजळावा म्हणून अशी मलमं आपल्याकडे मैत्रिणी मैत्रिणींना सांगतात. सुरुवातीला चेहरा खरंच तुकतुकीत होतो. मग कातडी पातळ होत जाते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात आणि मलमाशिवाय चालेनासं होतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद करायचा आदेश काढला, तो यामुळेच. माझी भाची लग्नाआधी दीड वर्ष असं मलम लावत होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. ती चुकली असं मी म्हणणार नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पण असं मलम एकदम आपल्या मनाने बंदही करू नका. चेहरा उसळून येतो. स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन हळूहळू सोडवावं लागतं.

हे दोन्ही नसेल तर पुढे चला.

बादलीपासून सुरुवात

माझा सुगावा लागला तो माहेरी. माहेर नेरूळला. आईकडे चार दिवस राहिले की चेहरा मऊ व्हायचा, आणि आई त्याचं श्रेय सायीला द्यायची. "अगं, तू तिकडे लावतच नसशील नीट." मी घरी येऊन नेमाने साय लावली, फरक शून्य. मग एकदा आईकडे आठ दिवस राहूनही साय लावायची राहून गेली, आणि चेहरा तरीही सुधारला. तेव्हा डोक्यात आलं, माझा साबण तोच, उशी वेगळी, जेवण वेगळं, आणि पाणी वेगळं.

नवी मुंबईत महापालिकेच्या मोरबे धरणाचं पाणी येतं. धरणाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ. आमच्या घोडबंदर पट्ट्यात महापालिकेचं पाणी पुरत नाही, म्हणून सोसायटीत टँकर येतात आणि वरच्या वापराला बोअरचं पाणी मिसळतात. जमिनीत मुरलेलं पाणी खडकातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. यालाच आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात हा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरला आहे, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आंघोळीच्या पाण्याचं कोणी मोजतच नाही.

मोजायला यंत्र लागत नाही. नळाच्या तोंडाशी पांढरं खरबरीत कडं साठलंय का, बादलीच्या आत पाण्याच्या रेषेला पांढरा थर आहे का, शॉवरची भोकं बुजतात का, ते बघा. मी आणखी एक केलं. पारदर्शक अशा दोन बाटल्या घेतल्या, एकीत नळाचं पाणी अर्ध्यापर्यंत, दुसरीत क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरचं. दोन्हीत साध्या अंघोळीच्या साबणाचा नखाएवढा किस टाकला, झाकण लावलं आणि दहा वेळा जोरात हलवलं. फिल्टरच्या बाटलीत बोटभर फेस उभा राहिला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ. नळाच्या बाटलीत फेस आला तसा बसला, पाणी दुधाळ झालं आणि त्यात फाटलेल्या दुधासारख्या कण्या तरंगायला लागल्या. बोट घालून पाहिलं तर बोटाला मेणचट काहीतरी लागलं. ते मी रोज पाच वेळा चेहऱ्यावर थापत होते आणि वरून पुसत होते. (ही परीक्षा करायची तर साबणाचाच किस घ्या. शाम्पू किंवा बॉडीवॉश जड पाण्यातही फेसाळतात, त्यातून काही कळणार नाही.)

त्या कण्या म्हणजे साबण आणि क्षार मिळून झालेला न विरघळणारा साका. तो पाण्याने नीट निघत नाही, कातडीवर राहतो आणि खाजवतो, ओढतो. म्हणजे दोष एकट्या पाण्याचा नाही, पाणी आणि साबण या जोडीचा आहे. ही जोडी तोडली की काम होतं.

घरभर सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करायचं यंत्र, बसवण्याची गरज नाही. मी एवढंच करते: तोंड धुणं आंघोळीतून वेगळं काढलं, आणि शेवटचा हबका फिल्टरच्या पाण्याचा. एक तांब्या पुरतो, पाणीही वाया जात नाही. असा फिल्टर नसेल तर नेहमीचं प्यायचं पाणी उकळून गार करून घ्या. उकळल्याने सगळा जडपणा जात नाही, पण काही भाग भांड्याच्या तळाशी बसतो. तुरटी मात्र यासाठी फिरवू नका. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार तसेच राहतात.

आणि पाणी कोमट. गिझरचं कढत पाणी थंडीत अंगाला छान वाटतं, चेहऱ्याला नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला ओतलं तर गरम किंवा गार काहीच जाणवू नये, इतपत.

साबण आणि त्याबद्दलचा एक गैरसमज

जुन्या वाड्याच्या भिंतीत विटांच्या मध्ये चुना असतो ना, तशी आपल्या कातडीची सगळ्यात वरची पापुद्र्याएवढी भिंत असते. पेशी म्हणजे विटा, आणि चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड या स्निग्ध पदार्थांचं मिश्रण. हा चुना शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं. साबण मळाबरोबर हा चुनाही धुऊन काढतो. शिवाय निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचा आकडा) साधारण ५ च्या आसपास, आणि साबणाचा पीएच ९ ते १०. ज्या रसायनांमुळे हा चुना तयार होतो त्यांना आम्लधर्मी वातावरणच लागतं. प्रत्येक साबणाच्या हातासरशी ते काम काही तास मंदावतं.

गैरसमज असा, की वेष्टनावर टीएफएम जास्त लिहिलं असेल तर साबण कोरड्या कातडीला चालतो. भारतीय मानकानुसार पहिल्या दर्जाच्या साबणात टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धाम्लं, किमान ७६ टक्के असतात. तो साबण म्हणून उत्तम, पण असतो साबणच. पीएच तेवढाच आणि जड पाण्यात साका तेवढाच. मी दोन वर्षं हा आकडा बघून साबण घेत होते, म्हणून जरा कळकळीने सांगते.

याऐवजी ज्यांना सिंडेट म्हणतात, म्हणजे साबणविरहित वड्या किंवा क्रीमसारखे फेस न येणारे क्लेन्झर, ते वापरा. दुकानात "सोप फ्री", "जेंटल क्लेन्झर" असं लिहिलेलं असतं. जड पाण्यात त्यांचा साका होत नाही. पहिले चार दिवस तोंड धुतल्यासारखंच वाटणार नाही. करकरीत, बोट फिरवल्यावर आवाज येईल इतका स्वच्छ चेहरा म्हणजे स्वच्छता, ही सवय आपल्याला लहानपणापासून आहे. तो करकर आवाज म्हणजे चुना गेल्याचा आवाज.

किती वेळा? मी पाच वेळा धुवायचे. सकाळी, ऑफिसात पोचल्यावर, दुपारी, ठाणे स्टेशनातून बाहेर पडून रिक्षाने घरी आल्यावर आणि झोपताना. घोडबंदर रोडची धूळ काय असते ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. पण धूळ साध्या पाण्याच्या हबक्यानेही निघते. आता क्लेन्झर दिवसातून एकदाच, संध्याकाळी घरी आल्यावर, कारण तेव्हा सनस्क्रीन आणि घाम दोन्ही काढायचं असतं. सकाळी फक्त पाणी.

पहिली तीन मिनिटं

हे बारकाईने सांगते, कारण सगळ्यात जास्त फरक मला इथे दिसला.

पूर्वी मी तोंड धुवायचे, टॉवेलने खसाखसा पुसायचे, कपडे बदलायचे, चहा टाकायचे आणि मग आरशासमोर बसून क्रीम लावायचे. तोवर दहा मिनिटं गेलेली. ओल्या कातडीवरचं पाणी उडून जाताना कातडी आणखी सुकवून जातं. क्रीम पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवते. अडवायला पाणीच उरलं नाही तर क्रीम बिचारी काय करणार.

आता डबी बेसिनशेजारीच ठेवली आहे. तोंड धुतलं की मऊ सुती पंचा चेहऱ्यावर फक्त टेकवते. हलवत नाही, घासत नाही. कपाळ, एक गाल, दुसरा गाल, हनुवटी. पंचा दूर केल्यावर कातडी ओलसर दिसली पाहिजे, थेंब ओघळता कामा नयेत. लगेच क्रीम. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ ओढायची, अशा अडीच रेघा चेहरा आणि मान मिळून लागतात. मी पूर्वी वाटाण्याएवढी घ्यायचे आणि क्रीम काम करत नाही म्हणायचे. कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि हनुवटी अशा पाच ठिकाणी टिंबं ठेवून, न चोळता पसरायची. चोळून जिरवायला गेलं की सुटलेले पापुद्रे वळ्या होऊन निघतात आणि खालची कच्ची जागा उघडी पडते.

आता क्रीममध्ये काय बघायचं. तीन तऱ्हेचे पदार्थ असतात. पाणी धरून ठेवणारे: ग्लिसरीन, युरिया, हायलुरॉनिक ॲसिड. फटी भरणारे: सेरामाइड, शिया बटर, वेगवेगळी तेलं. आणि वरून झाकण घालणारे: पेट्रोलॅटम, म्हणजे आपली पांढरी पेट्रोलियम जेली, आणि डायमेथिकॉन. अति कोरड्या चेहऱ्याला तिन्ही लागतात. नुसतं हायलुरॉनिकचं पाण्यासारखं सीरम लावून एसीत बसलं तर ते बाहेरच्या कोरड्या हवेतून काय ओढणार? आतलंच पाणी वर ओढतं आणि ते उडून जातं. ग्लिसरीन-गुलाबपाण्याचंही तसंच आहे. आजीच्या काळी ते चालायचं, कारण पंख्याखाली, उघड्या खिडकीच्या घरात हवा दमट होती. आजही लावायचं तर लावा, पण वर झाकण घाला.

झाकणात पेट्रोलियम जेलीला तोड नाही. स्वस्त आहे, वास नसलेली मिळते. रात्री क्रीमवर अगदी पातळ हात, फक्त गाल आणि ओठांभोवती. ज्यांना मुरमं येतात त्यांनी कपाळ, नाक सोडावं. सुगंध असलेली कुठलीही गोष्ट सध्या बाजूला ठेवा. फुटलेल्या कातडीला सगळ्यात जास्त त्रास सुगंधाचा होतो, मग तो "नैसर्गिक" का असेना.

लावल्यावर झोंबलं तर? फुटलेल्या जागी पहिल्या दोन-तीन दिवसांत मिनिटभर हलकं चुरचुरणं होऊ शकतं, विशेषतः युरिया असेल तर. पाच मिनिटांनीही झोंबत असेल, लाली येत असेल, तर धुऊन टाका आणि पुन्हा लावू नका. नवीन वस्तू आधी कानामागे चार-पाच रात्री लावून बघितलेली बरी.

ठाण्याच्या हवेत कोरडेपणा येतो कुठून

एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर, पावसाळ्यात तर कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तरी चेहरा का सुकावा? कारण पाऊस गेला की वारा फिरतो. डिसेंबर-जानेवारीत तो जमिनीकडून येतो, पहाटे गार आणि दुपारी कोरडाठाक. कातडीला चार महिने दमट हवेची सवय झालेली असते, आणि तो बदल पंधरा दिवसांत होतो.

बाकीचं काम ऑफिस करतं. एसी हवा थंड करताना तिच्यातली वाफ पाणी करून बाहेर टाकतो. बाहेर नळीतून जे टपकतं तेच ते. ऐरोलीला माझी जागा बरोबर एसीच्या झडपेखाली होती. डावा गाल नेहमी उजव्यापेक्षा जास्त फुटायचा, हे मी कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. साहेबांना सांगून जागा दोन टेबलं सरकवली. ज्यांना हे जमत नाही त्यांनी झडपेला पुठ्ठ्याची आड लावून घ्यावी. घरीही एसी किंवा पंख्याचा झोत तोंडावर नको. खोलीत पाण्याचं पातेलं ठेवून फारसं काही होत नाही, तेवढ्या पाण्याने एवढ्या हवेचं काय होणार.

ऑफिसात तीनच्या सुमाराला तोंड न धुता, तळहात जरासे ओले करून गालांवर टेकवते आणि लगेच थोडी क्रीम. ट्रेनच्या दारात वाऱ्याला उभं राहणाऱ्यांनी आणि बाईकवरून जाणाऱ्यांनी ओढणी किंवा रुमाल बांधावा, पण तो सुती आणि रोज धुतलेला.

घरगुती उपायांचं काय

आईचं मन मोडायचं नाही म्हणून नाही, मनापासून सांगते: साय वाईट नाही. तिच्यात स्निग्धता आहे. पण साय लावून आपण ती काढतो कशाने? डाळीच्या पिठाने. पीठ सायीबरोबर कातडीचा चुनाही शोषून नेतं. साय लावलीच तर नुसत्या कोमट पाण्याने आणि ओल्या पंचाने काढा.

लिंबू चेहऱ्यावर अजिबात नको. त्याचा पीएच २ च्या आसपास असतो, फुटलेली कातडी भाजते, आणि उन्हात गेलं तर काळे डागही पडतात. मुलतानी माती तेलकट चेहऱ्यासाठी आहे, कोरड्यासाठी नाही. मोहरीच्या तेलापेक्षा खोबरेल बरं, तेही ओलसर चेहऱ्यावर दोन-तीन थेंब, मुरमं येत नसतील तर.

आणि उटणं. माझा त्रास दर वर्षी दिवाळीनंतरच का सुरू व्हायचा, त्याचं एक उत्तर इथे सापडलं. आपली रीत आहे ती अभ्यंगाची: आधी अंगभर कोमट तेल, ते मुरू द्यायचं, मग उटणं. आम्ही पहाटेच्या घाईत तेल हातापायांना लावायचो आणि चेहऱ्याला कोरडं उटणं दुधात कालवून चोळायचो, वर "मळ निघतोय" म्हणून आनंद. मग उरलेलं पाकीट संपेपर्यंत महिनाभर दर रविवारी. नागरमोथा, आंबेहळद, संत्र्याची साल यांचे खरखरीत कण आधीच पातळ झालेल्या कातडीवर घासले जायचे. आता नरक चतुर्दशीला चेहऱ्याला आधी तेल, अर्धा तास थांबून उटण्याचा नुसता लेप, आणि घासायचं नाही. उरलेलं पाकीट अंगाला.

पाणी भरपूर प्या, तूप खा, हे सगळे सांगतात. तब्येतीला दोन्ही चांगलं आहे. पण शरीरात पाण्याची खरी कमतरता नसेल तर चार ग्लास जास्त प्यायल्याने गाल फुटायचे थांबत नाहीत.

नेमकं काय बाधतंय ते कसं शोधायचं

एका वेळी एकच बदल करा. मी सगळं एकदम बदलायचे आणि मग गुण कशाने आला तेच कळायचं नाही. पहिले दोन आठवडे फक्त वजाबाकी: फेसवॉश, स्क्रब, टोनर, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, ग्लायकोलिक ॲसिड, फेशियल, सगळं बंद. चेहऱ्यावर तीनच गोष्टी: पाणी, साधी क्रीम, दिवसा सनस्क्रीन. सनस्क्रीन जेलमधलं नको, क्रीममधलं घ्या, जेलमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं. संध्याकाळी सनस्क्रीन काढायला तेवढं साबणविरहित क्लेन्झर. मग एकेक गोष्ट परत आणायची, दर दहा-बारा दिवसांनी एक. कॅलेंडरच्या चौकटीत मी नुसत्या खुणा करायचे: ओढला, नाही ओढला. कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत निकाल लावू नका. आठ दिवसांत दिसतो तो फक्त झाकणाचा परिणाम.

माझ्याकडे या खुणांवरून तीन गुन्हेगार ठरले: बोअरच्या पाण्यात साबण, दिवसातून पाच वेळा धुणं, आणि डोक्यावरची झडप. क्रीम शेवटी कपाटातल्या अकरांपैकीच एक साधी निघाली.

आणि तरीही पुढच्या वर्षी ते परत आलं होतं. कारण फेब्रुवारीत चेहरा छान झाला आणि मी सगळं सोडलं. पाहुणे म्हणून वहिनी आली, तिचं सुगंधी फेसवॉश बेसिनवर होतं, तेच वापरायला लागले. क्रीमच्या रेघा अडीचवरून एकीवर आल्या. चुना ढासळायला लागला तरी भिंत लगेच पडत नाही, पापुद्रे दिसायला तीन-चार आठवडे गेले, आणि मला वाटलं हे आपोआप आलं. आता घटस्थापनेच्या दिवशी मी थंडीची क्रीम काढते, चेहरा उत्तम असला तरी. पावसाळ्यात हलकं लोशन चालतं, नवरात्रापासून घट्ट क्रीम, संक्रांतीपर्यंत रात्रीची जेली. फुटल्यावर भरण्यापेक्षा हे फार सोपं जातं.

डॉक्टरांकडे कधी

एवढं सगळं चार आठवडे नीट करून फरक नसेल तर. भेगांतून पाणी किंवा रक्त येत असेल, पिवळी खपली धरत असेल, पापण्या सुजत असतील तर चार आठवडेही थांबू नका. चेहऱ्याबरोबर सगळं अंगच कोरडं झालं असेल, केस गळत असतील, थकवा, बद्धकोष्ठ, वजन वाढणं असं काही असेल तर थायरॉइड तपासून घ्या. मधुमेहातही कातडी सुकते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ आणि चेहरा सुकणारच, ते डॉक्टरांना सांगा, गोळी आपणहून सोडू नका. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांना हा त्रास कधीकधी पहिल्यांदाच सुरू होतो, कारण इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की कातडीतली स्निग्धताही कमी होते. "वय झालं" म्हणून अंगावर काढू नका, त्यावरही उपाय आहेत.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात स्किनच्या ओपीडीची चौकशी करा. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, डब्या, साबणाचं वेष्टन, कोणी सांगितलेलं मलम, सगळं एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा. त्या दिवशी सकाळी चेहऱ्याला काही लावू नका, पावडरही नाही, म्हणजे डॉक्टरांना कातडी आहे तशी दिसेल. बोअरचं पाणी वापरता हेही आठवणीने सांगा, ते सहसा कोणी विचारत नाही.